धुलाईघरातलं पान

कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत
मिनिटाला दीड किलोमीटर कागद धावतो.
पांढरा, कोरा, अजून ऊन ऊन,
लोखंडी लाटण्यांखालून.
मी फक्त बघायचं:
कुठे भोक, कुठे सुरकुती, कुठे डाग.
बारा तास बघते.
आणि घरी आल्यावर
वीतभर कागद भरत नाही माझ्याच्यानं.

क्युमी नदीकाठचं आमचं गाव.
वारा फिरला की उकडलेल्या कोबीचा वास येतो,
आम्ही म्हणतो, पगाराचा वास.
आमच्या इमारतीच्या तळघरात
सगळ्यांत मिळून एक धुलाईघर आहे.
दाराशी वही, वहीत ज्याची त्याची वेळ,
आणि यंत्रासमोरच्या भिंतीवर एक खिळा.
दर रविवारी त्या खिळ्याला मी एक पान लावते.

काय असतं त्यात?
फार काही नसतं.
बसथांब्यावरचा माणूस एक हातमोजा काढून
नाणी मोजतो, मोजून होईतो तो दातांत धरतो.
कँटीनमधली हिल्का "अजून?" असं विचारते,
आणि उत्तर यायच्या आत वाढते.
कपडे फिरताहेत तोवर वाचून व्हावं,
एवढंच.

वेळ काढ, म्हणतात लोक.
काढतेच.
माशातला काटा काढावा तसा,
जिभेनं चाचपत, घास न सांडता.
रात्रपाळीच्या बसमध्ये सतरा मिनिटं.
सौना तापेपर्यंत अर्धा तास.
सीरी दात घासते तेवढ्यात दोन ओळी,
पण ती वीस सेकंदांत घासून येते.

तार्मो काही बोलत नाही.
बोलत नाही, हेच त्याचं बोलणं.
एकदाच म्हणाला, बटाटे सोलता सोलता,
"तू टेबलाशी असतेस, ऐला,
पण खुर्ची रिकामी दिसते."
मला वाक्य आवडलं.
मी लिहून घेतलं.
त्यानं ते पाहिलं.

मग सीरीचा दात पडला.
पहिला. गुरुवारी, सफरचंदात.
रविवारी तो भिंतीवर होता.
सोमवारी लेम्पीबाईंनी जिन्यात तिला अडवून
"आ कर बघू" म्हटलं.
ती वर आली, बूटही न काढता.
"मी आजोबांना सांगणार होते.
तू आधी वॉशिंग मशीनला सांगितलंस."

त्या रविवारी पान लावलं नाही.
पुढच्याही नाही.
झोपले. चक्क आठ तास.
तार्मोबरोबर पत्ते खेळले, हरले.
सीरीच्या वेण्या घातल्या, दोन्ही सारख्या.
भांडी लख्ख.
आणि हात असे,
जसे यंत्र बंद पडलेल्या दिवशी
पाळीवर आलेल्या माणसाचे.

कुणी काही विचारलं नाही.
खरं सांगते, तेच लागलं.

तिसऱ्या बुधवारी कपडे घेऊन खाली गेले
तर बाकावर रेसानेन आजोबा, तिसऱ्या मजल्यावरचे.
बायको गेल्यापासून महिन्यातून एकदा खाली येणारे,
आता वहीत त्यांचं नाव आठवड्यात तीनदा.
यंत्रात एकच टॉवेल फिरत होता.
दिसत होतं, तो आधीच स्वच्छ होता.
मी खिळ्याकडे पाहिलं.
त्यांनी टॉवेलकडे.
"मळतात हो फार," म्हणाले, "हल्ली टॉवेल."

वर येऊन सीरीला विचारलं,
टॉवेलबद्दल लिहू?
जीभ त्या नव्या खिडकीत घालून
तिनं बराच विचार केला.
"त्यांना विचारलंस?"
नाही.
"मग आधी विचार."

उद्या सकाळची पाळी. पाच पन्नासची बस.
डबा भरायचाय. तार्मोचा शर्ट अजून ओला.
एक ना धड, भाराभर चिंध्या, म्हणेल कुणी.
म्हणू दे.
चिंध्याच तर धुवायला खाली उतरतो आम्ही सगळे.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन यायला
चार मिनिटं लागतात.
कुठून काढायची, बघते.